दोन नावांची भाऊबीज

जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझ्या आईला एक भाऊ होता. तो एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे लग्न होऊन ती रायपुरात, बूढापारा मोहल्ल्यात आली, आणि भाऊबीजेचं तबक आमच्या गच्चीवर निघू लागलं. बीजेची कोर ती, नखाएवढी, दिसली न दिसली तोच मावळते. शहराबाहेर सिलतऱ्याचे कारखाने वाढल्यापासून तर गच्चीवर नुसती काळी धूळ. चंद्र दिसला नाही की आई पश्चिमेकडे तोंड करून अंदाजाने ओवाळी. मला याचा राग येई. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

दिल्लीच्या युद्धस्मारकात सगळ्या शहिदांची नावं कोरली आहेत, हे कळलं तेव्हा आई म्हणाली, "यंदा मले त्यालेच ओवाळाचं आहे."

मी गाडी काढली. आई, मी आणि माझी मुलगी. दोन दिवसांचा रस्ता, आणि तबकाची पिशवी आईने मांडीवरून खाली ठेवली नाही.

मामाचा फौजेतला नंबर आमच्याकडे नव्हता. त्याचे कागद आजोबांनी कधीतरी एका सरकारी कचेरीत दिले होते. रायपूर भोपाळपासून तुटून नवं राज्य झाल्यावर मी ते शोधायला गेलो. रायपुरात म्हणाले फाइल भोपाळलाच राहिली, भोपाळमध्ये म्हणाले ती रायपूरला गेली. दोघंही अगदी मनापासून सांगत होते. मी नाद सोडला. म्हटलं, नाव आहे ना, पुरे.

स्मारकाच्या फाटकावर तपासणीत तेल, वाती आणि काडेपेटी गेली. सुपारीसुद्धा कुणाच्या तरी तंबाखूच्या पुडीशेजारी जाऊन बसली.

"दादी, अब क्या करोगी?" मुलीने विचारलं.

"सोन्यानं ओवाळता येते," म्हणत आईने बोटातली अंगठी चाचपली.

आत एका पडद्यावर मुलीने नाव टाकलं. दोघं निघाले. तेच नाव, तेच आडनाव, दोघंही साधे जवान, दोघंही त्याच लढाईतले. एक या भिंतीवर, दुसरा पलीकडच्या.

"मामा कोणत्या पलटणीत होता?" मी विचारलं.

"गाडी चालवे." मग अंगठी फिरवत, "नाही, तारा जोडे वाटते."

"पत्रात काही लिहीत असेल ना?"

"सुट्टीवर कधी येतो, तेवढंच राहे."

माझं डोकं फिरलं. आईवर चिडलो, त्या हरवलेल्या फाइलीवर चिडलो. दोन दिवस गाडी चालवून मी तिला एका कोड्यापुढे आणून उभं केलं होतं. ती पहिल्या भिंतीपाशी गेली, अक्षरांवरून हात फिरवला, अंगठी काढून तीनदा ओवाळलं. मग पलीकडच्या भिंतीकडे निघाली.

"आई, यातला एक परका आहे."

"कोणता, सांग."

मी एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे पाहिलं.

"त्याचीबी बहीण कुठं तरी गच्चीवर उभी असन," ती म्हणाली आणि त्यालाही तसंच तीनदा ओवाळलं. पहाऱ्यावरच्या जवानाने दुसरीकडे पाहिलं.

आता झालं, असं मला वाटलं. पण दिवेलागणीला लॉजवर पोचलो तर आईने तिथल्या स्वयंपाक्याकडून तेल आणि काडेपेटी मागून घेतली, पदराच्या चिंधीची वात केली आणि वाटी घेऊन गच्चीवर गेली. दिल्लीचं आभाळ आमच्या आभाळाहूनही मळकट होतं.

"आता काहून?" माझ्या तोंडून तिचीच भाषा निघाली. "ओवाळलं ना दोघांना."

"त्यातला तो कोणता, मले समजलंच नाही," आई म्हणाली. "अन् या चंद्रानं इतकी वर्षं माझ्याकडून ओवाळून घेतलं. याले काय सांगू, आता येऊ नको?"

वर काहीच दिसत नव्हतं. मुलीने फोनमध्ये चंद्राची दिशा पाहिली आणि दादीच्या खांद्यांना धरून तिला किंचित उजवीकडे वळवलं. वात फडफडत होती. मी वाऱ्याला आडवा उभा राहिलो.