अंगठ्याविना नत्थुजी

अकोल्याच्या दस्तनोंदणी कचेरीत धर्मपाल दिवसभर लोकांचे अंगठे उठवून घ्यायचा. एकोणसाठ साली एक चहा कंपनी पुड्यांत पहिलवानांची चित्रं घालू लागली. एकूण चोवीस होती; त्याने सगळी जमवली. तीन वर्षं घरात तोच कडू चहा. बायको इंदूबाई विटून गेली होती.

बरं, चित्रं नुसती ठेवावीत, तर तेही नाही. कुस्त्यांची दंगल कुठंही असो, हा शाईची गादी घेऊन पोचायचा आणि पहिलवानाचा अंगठा त्याच्याच चित्रावर उठवायचा. त्याशिवाय ते चित्र त्या माणसाचं झालं, असं त्याला वाटतच नसे. तेवीस झाली. राहिले वलगावचे नत्थुजी. त्यांनी कुस्ती कधीच सोडलेली.

बासष्ट साली इंदूबाईचा भाऊ श्रावण अशी चित्रं विकत घेणाऱ्या नागपूरच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. व्यापाऱ्याने तेवीस चित्रं दोन बोटांनी बाजूला सारली. "सगळी नासवलीत." मग नत्थुजींवर थांबला. "हे कोरं आहे. चाळीस रुपये देतो. रविवारी येईन."

तो गेल्यावर श्रावण म्हणाला, "भाऊजी, अर्धा पगार हाये हा."

"नत्थुजी कोण, हे तरी ठाऊक हाये का त्याले?"

"त्याले कायले पाह्यजे? त्याले कोरा कागद पाह्यजे."

"मंग कचेरीतून नेऊन दे एक दस्ता."

"ताई, तू तरी सांग."

"मी काय सांगू? यायच्या डोक्यात चहाचा गाळ बसला," इंदूबाई म्हणाली.

शनिवारी रजा टाकून धर्मपाल वलगावला गेला. नत्थुजी बाजेवर बसले होते. शाईची गादी पाहून त्यांनी हात मागं घेतला.

"अंगठा नाई लावत मी. दोन वर्षं रात्रीच्या शाळेत जाऊन राहिलो. सही करतो."

"बाकी तेवीस जणायचा अंगठाच हाये, नत्थुजी."

"मंग त्यायले शिकव जाऊन. पेन दे."

चित्र पत्त्याएवढं. पहिल्या 'न'मध्येच पहिलवानाची छाती संपली. पेन जाग्यावर थांबलं, शाई पसरली. पाचची शेवटची एसटी होती.

"अंगठा एका दमात झाला असता," धर्मपाल वैतागून म्हणाला. "या चित्राचे चाळीस रुपये येत होते मले."

"आन् आता?"

"आता कोणी फुकट नाई नेत."

"मंग घाई कायची," म्हणत नत्थुजी पुढच्या अक्षराकडे वळले.