कांद्याचं लॅटिन नाव

बाबांचा होमिओपॅथीचा दवाखाना म्हणजे प्रताप नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बाटल्यांवर नावं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी त्यांनी मला एक जुनी वही दिली. डावीकडे साधे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचं लॅटिन. सॉल्ट म्हणजे नेट्रम म्युरिएटिकम, हनी बी म्हणजे एपिस मेलिफिका. रोजचं मीठसुद्धा केवढं भारदस्त! आठवड्यात मी वही पाठ केली आणि मला शिंगं फुटली.

बाबांनी बजावलं होतं, पेशंटला फक्त लॅटिन सांगायचं. स्वयंपाकघरातलं नाव ऐकलं की लोकांचा विश्वास उडतो म्हणे. त्यांचा स्वतःचा विश्वास मात्र असा, की ऑपरेशनच्या दिवशीही खिशात आपल्याच गोळ्या होत्या.

श्रावणात इतवारीतल्या एक काकू आल्या. आठ दिवसांपूर्वी नाक नुसतं गळत होतं, आता खडखडीत बऱ्या. खूश होऊन मला म्हणाल्या, "काय वं पोरी, काय असते त्या गोळ्यायमंदी?"

"एलियम सेपा," मी म्हटलं. तिथंच गप्प बसावं की नाही? पण नाही. "म्हणजे कांदा, काकू!"

काकू मटकन खालीच बसल्या. "अव माय! माहा चातुर्मास हाये वं! सव्वीस वर्षं झाले, चार महिने कांद्याले शिवली नाही मी. अन् आता आठ दिवसांपासून कांदाच खाऊन राहिली!"

त्या रडायलाच लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज ऐकून बाबा आतून आले. काकूंनी त्यांनाच धरलं. "मोडलं ना माहं व्रत, डॉक्टरसाहेब? खरं सांगा."

बाबा स्टूल ओढून काकूंसमोर बसले.

"नाही मोडलं. त्यात कांद्याचा अंशही नाही. नुसत्या साखरेच्या गोळ्या आहेत त्या."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

काकूंनी डोळे पुसले, हात जोडले आणि ऑटोत बसून गेल्या.

बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना. एका लग्नाच्या पंगतीत माझे काका नेमकं हेच, साखरेच्या गोळ्यांचं, थट्टेत बोलून गेले होते. तेव्हापासून बाबांनी सख्ख्या भावाचं तोंड पाहिलेलं नाही.