शांतारामभाऊंची राखण

देवळात सगळ्यांत आधी आल्या त्या हौसाबाई, काखेत तांदळाचं सूप घेऊन. त्यांना वाटलं, भजन हाय. होतं काय, तर शांतारामभाऊ कासवांचे फोटो दाखवाया आलेले. भाऊ आमच्या मार्गासनीचेच, पन लई वर्षं कोकणात समुद्रकाठी कासवांची अंडी राखतात. माझी त्यांची खरी वळख त्या दिवशी झाली.

हौसाबाईंनी विचारलं, "कासवीण अंडी घालून जाती, मग उबवतं कोण?"

"वाळू उबवते, आक्का."

"मग तुमी काय करता?"

"राखण."

बायका हसल्या, भाऊबी हसले. माझी नात सायली मातुर हसली न्हाई. ती आता भाऊंच्या हाताखाली तितंच काम करती. भरती-ओहोटीच्या वेळा तिला तोंडपाठ. म्या गावभर सांगत फिरते.

औंदा तिला भेटाया गेले. घाटात यष्टी लागली, ते असो. सकाळी भाऊंनी उघड्या वाळूतली अंडी टोपलीत घेतली, जाळीच्या आत पुरायला. ते खड्डा खणत होते. म्या जल्मभर कोंबड्या बसवल्या. कोंबडी चोचीनं अंडी फिरवती, ह्यांना तर आईच न्हाई. म्हणून म्या एकेक अंडं हळूच उलटं केलं.

सायली मटकन बसली. "आजी, अगं ही फिरवायची नसतात. आतलं पिल्लू मरतं."

भाऊंनी आधी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग सगळ्यांना म्हणाले, "चूक माझी. मावशींना सांगायचं राहिलं." ती अंडी त्यांनी निराळ्या खड्ड्यात ठेवली, वर टोपली झाकली.

दोन महिने होत आले. घरी खुडूक कोंबडी बसलीय, तिला अंडी फिरवताना बघवत न्हाई. वाळू खचली की पिल्लं वर येतात म्हणं. भाऊ आठवड्याला मोबाईल करतात, "मावशी, अजून खचली न्हाई. जेवलात का?" इतकी कामं असून माझं जेवण विचारतात.

भाऊंना साठ पुरी झाली. त्यांचे गुडघे शाबूत ऱ्हावेत, वाळू तुडवत त्यांनी शंभरी बघावी, एवढंच मागणं हाय. येत्या रविवारी सायलीला घेऊन येतो म्हणालेत. त्याआधी खड्डा उघडतील, पन काय निघालं ते ओट्यावर बसूनच सांगणार. एकबी पिल्लू निघालं नसलं तरी भाऊंनी यावं. रविवार म्हणालेत.