लाल सिग्नलवरची टोळी

जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आमच्या वरच्या मजल्यावर एक गँगस्टा रॅपर राहायचा. आज त्याच्या कार्यक्रमाला हॉल भरतात. तेव्हा त्याच्या नावावर एकच गाणं होतं आणि त्यात तो पोलिसांना धमक्या द्यायचा. तालीम तळघरात, वॉशिंग मशीनच्या ठेक्यावर. इमारतीच्या नियमातली दुपारच्या शांततेची वेळ झाली की धमकी अर्धवट सोडून गप्प बसायचा. स्वतःच्याच वाक्याला "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणून दुजोरा द्यायचा.

पहिल्या व्हिडिओत टोळीला माणूस कमी पडला, म्हणून त्याने मला घेतलं. मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर; काळं जाकीट घालून मनातून भलताच खूश होतो. टोळीने एक रिकामा रस्ता ओलांडायचा होता. सगळे गेले. सिग्नल लाल होता, म्हणून मी थांबलो.

तो पलीकडून परत आला. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण तो छातीवर हात बांधून माझ्या शेजारी उभा राहिला. "आल्झो, तर मग, हिरवा होऊ दे," म्हणाला. मग बाकीचेही आले.

व्हिडिओत तोच शॉट आहे. सगळे भयंकर दिसतात.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "पाहिला हो व्हिडिओ. हिरवा झाल्यावरसुद्धा तुम्ही तेवढे दोन्हीकडे बघून निघालात, बरं वाटलं."