नऊ झाडांचा पंचनामा

"हात लावू नका मॅडम, तो पुरावा आहे," डेप्युटी गार्झा म्हणाला.

माझा हात तेव्हा कोपरापर्यंत टबात होता. बाहेर काढला तर बोटांत मुळांचा झुबका आला. मुळं पांढरी असायला हवीत. ही कोऱ्या चहाच्या रंगाची होती, बुळबुळीत, आणि वास तुंबलेल्या मोरीचा.

"तुमचा पुरावा कुजतोय," मी म्हटलं.

"हे लिहून घेऊ का?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याने खरंच वही काढली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या शेतकी खात्यात इन्स्पेक्टर होते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. नर्सऱ्यांमधली रोपं तपासायची, कीड दिसली तर माल अडवायचा, नसली तर सर्टिफिकेट द्यायचं, हे माझं काम. त्याआधी आठ वर्षं मी अकोल्याकडे सरकारी कृषी खात्यात काढली होती. नवऱ्याला, मिलिंदला, सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आले. म्हणजे दोन्ही देशांतल्या सरकारी ऑफिसांचं पाणी मी प्यायलेय.

समोर गांजाची नऊ झाडं होती. ती आयरीनची. आयरीन एकसष्ट वर्षांची, शाळेची बस चालवून रिटायर झालेली. तिला कॅन्सर होता. केमोनंतर घोटभर पाणीही पोटात ठरायचं नाही, तेव्हा डॉक्टरने चिठ्ठी दिली आणि तिने गॅरेजमध्ये स्वतःपुरती झाडं लावली. दोनच वर्षांपूर्वी राज्यातल्या लोकांनी मतदान करून रुग्णांना तशी मुभा दिली होती. पण कायदा नवा आणि पोलिसांच्या सवयी जुन्या. शेजाऱ्याला वास आला, त्याने फोन केला, झाडं जप्त झाली.

आयरीनचा वकील कोर्टात गेला. जजने ऑर्डर काढली: सुनावणी होईपर्यंत झाडं जप्तीच्या वेळी होती त्या स्थितीत सांभाळावीत. ती जिंकली तर झाडं तिला परत. शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाकडे, झाडं ठेवायला जागा नव्हती; गार्झा त्याचाच माणूस. आमच्या ऑफिसमागे काचेचं ग्रीनहाऊस होतं. शुक्रवारी संध्याकाळी झाडं आली आणि सोमवारी सकाळी माझ्या गळ्यात पडली.

ही झाडं हायड्रोपोनिक होती, म्हणजे मातीशिवाय वाढवलेली. मुळं खत मिसळलेल्या पाण्यात लोंबत असतात. ती गुदमरू नयेत म्हणून पंप लावून पाण्यात सतत बुडबुडे सोडावे लागतात, माशांच्या काचपेटीत सोडतात तसे. पाणी गारही हवं. पाणी कोमट झालं की त्यातली हवा कमी होते आणि मूळकूज लागते. आयरीनच्या टबांना पंप होता. पण जप्ती करणाऱ्यांनी झाडं 'झाडं' म्हणून जप्त केली आणि पंप 'उपकरण' म्हणून. झाडं माझ्याकडे आली, पंप सील होऊन एव्हिडन्स रूममध्ये गेला. शनिवार-रविवार काचेखाली पाणी तापत राहिलं.

"पंप द्या," मी गार्झाला म्हटलं.

"डिटेक्टिव्हची सही लागेल."

"घ्या मग."

"तो फिशिंगला गेलाय. पुढच्या बुधवारी येईल."

दुपारी मी माशांच्या दुकानात जाऊन तीन पंप विकत आणले. टबांत बर्फाच्या बाटल्या सोडल्या. माझे बॉस रॉन ग्रीनहाऊसच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेला माणूस जसा उभा राहतो तसे.

"सू, हे काय आहे?"

माझं नाव सुजाता. ऑफिसात त्याचं सू झालं होतं.

"पंप. आणि रॉन, ही झाडं कापावी लागतील. फुलं तयार व्हायला दहा दिवस आहेत, सुनावणीला अठरा. मुळं तोवर टिकणार नाहीत."

"ऐक. झाडं मेली तर ती आपोआप मेली. तू कापलीस तर तू मारलीस. मेमो लिही."

मी मेमो लिहिला. शेरीफच्या ऑफिसला, सरकारी वकिलांना, काउंटीच्या लीगल डिपार्टमेंटला. शेरीफचं उत्तर आलं: ऑर्डरप्रमाणे सांभाळा. सरकारी वकिलांचं आलं: हा शेरीफचा प्रश्न आहे. लीगलवाले म्हणाले, विचार चालू आहे. अकोल्यात आणि इथे फरक एवढाच, की इथे टोलवाटोलवी फॅक्सवर होते आणि त्याच दिवशी होते.

आता निर्णय काय होता ते सांगते. या झाडाचं औषध फुलात असतं. आज कापलं तर फूल थोडं कच्चं, त्यामुळे औषध कमी. पण वाळवून ठेवता येतं. थांबलं आणि मुळं सावरली तर पूर्ण पीक मिळतं. थांबलं आणि मुळं सावरली नाहीत, तर झाड मलूल होतं, दाट फुलांमध्ये बुरशी शिरते आणि ते फूल आजारी माणसाला देता येत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शेतातल्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण मला कोणाची तरी सही हवी होती.

मंगळवार गेला. दर तासाला मी ग्रीनहाऊसमध्ये जाऊन येत होते. एका नर्सरीवाल्याचे सात ट्रे माव्याची कीड दिसली म्हणून सरळ परत पाठवले. एरवी 'फवारा आणि परवा या' म्हटलं असतं. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायचे.

बुधवारी ऑफिसात फोन आला.

"मी आयरीन. मला तुझ्याशी बोलायची परवानगी आहे की नाही, माहीत नाही. मुळांचा रंग कसा आहे?"

"तपकिरी," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलं नाही.

ती म्हणाली, "माझे केमोचे दोन राउंड बाकी आहेत. सुनावणी झाली की त्याच आठवड्यात पुढचा. मागचा मी अर्ध्यावर सोडला. डॉक्टरला सांगितलंय, याच्याशिवाय पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही."

"दुसरीकडून मिळणार नाही का?"

"हनी, एकवीस वर्षं मी बसमधल्या पोरांना सांगितलं, कोपऱ्यावरच्या त्या माणसांपासून लांब राहा. आता मीच जाऊ त्यांच्याकडे?"

"मग कापू का? तुम्ही सांगा."

"इथून मी काय सांगू? टबात हात तुझा आहे."

गुरुवारी सकाळी चार झाडं माना टाकून उभी होती. दुपारच्या उन्हात मलूल होऊन संध्याकाळी उठणारं झाड वाचतं. सकाळी सकाळीच मलूल असलेलं झाड वाचत नाही.

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. आमची यशोधरा तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "आई, यू आर बेबीसिटिंग वीड? प्लीज डोन्ट टेल एनीवन ॲट माय स्कूल."

मिलिंद हसला. "दर रविवारी पंचशील घेतेस. पाचवं शील काय सांगतं?"

पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहायला सांगतं, हे आम्हा बौद्धांच्या घरात लहान मुलालाही पाठ असतं. मी चिडलेच होते. म्हटलं, "का दूर राहायचं तेही त्यातच सांगितलंय. नशेने प्रमाद होतो म्हणून. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. ती बाई खुर्चीत बसायची थांबलीय आणि मी चार दिवस मेमो लिहितेय. नशा न करताच गाफील झालेय मी!"

मिलिंदने पोळी वाढली. "मग तिकडे असतीस तर काय केलं असतंस?"

तिकडे असते तर पंचनामा केला असता. गारपीट झाली, पूर आला, बागेला आग लागली, की आम्ही जागेवर जायचो. गावातली दोन त्रयस्थ माणसं पंच म्हणून बोलवायची. त्यांच्यासमोर मोजायचं, पाहिलं तेवढंच लिहायचं, वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. मग पडलेली झाडं उचलायला शेतकरी मोकळा. पुरावा झाडात राहत नाही, कागदावर येतो. चार दिवस मी अमेरिकन पद्धतीने सही शोधत होते आणि माझ्या हाताला जे काम येत होतं ते विसरून गेले होते.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी पंच शोधायला बाहेर पडले. आमच्याच इमारतीत वजन-मापं तपासणारं खातं होतं. पेट्रोल पंप आणि दुकानांतले काटे तपासणारे ते लोक. तिथला हेक्टर त्याचा सील केलेला काटा घेऊन आला. पण तो काउंटीचा नोकर. मला एक बाहेरचा माणूस हवा होता. काउंटरवर मिस्टर ओकादा सर्टिफिकेट घ्यायला आले होते. शेवंती पिकवणारे, सत्तरीचे, कमी बोलणारे.

"मिस्टर ओकादा, एक तास देता का? फक्त बघायचं आणि जे दिसलं ते खरं लिहिलंय म्हणून सही करायची."

ते आत आले. टबात वाकून बघितलं. "उशीर झाला," एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

गार्झा घाबरला होता. "मॅडम, मी काय करू?"

"तुम्ही कस्टडी. प्रत्येक पिशवीवर तुमचं सील. मी कात्री लावते, तुम्ही बघा."

मी लिहायला घेतलं. इंग्रजीत, पण साचा अकोल्याचा. जागा, वेळ, हजर माणसं. मग चतुःसीमा. पूर्वेला वॉटर कूलर, पश्चिमेला दार, उत्तरेला काच, दक्षिणेला खताची कपाटं.

"हे कशाला?" हेक्टरने विचारलं.

"उद्या कोणी म्हणू नये की झाडं दुसऱ्या टेबलावर होती."

प्रत्येक झाडाची उंची, मुळांचा रंग, पानांची अवस्था. प्रत्येकाचा फोटो. मग कापणी. पाच झाडांची फुलं आतपर्यंत फोडून पाहिली, स्वच्छ होती. चार झाडांच्या फुलांत करडी बुरशी शिरली होती. तीही फेकली नाहीत, वेगळ्या पिशवीत सील केली. ओल्या मालाचं वजन हेक्टरच्या काट्यावर. शेवटी मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि चौघांनी सह्या केल्या. रॉन दारात उभे होते. सही केली नाही, पण थांबवलंही नाही. चांगली फुलं कुलपाच्या खोलीत वाळायला टांगली. गार्झा रोज सकाळी येऊन सील बघून जायचा. पुढे पुढे तो विचारायचा, "वाळतायत ना नीट?"

सुनावणीत सरकारी वकील उसळून उठले. पुराव्याशी छेडछाड, कोणाच्या परवानगीने, वगैरे. जजने पंचनामा आधी एकदा, मग पुन्हा वाचला.

"वॉटर कूलर पूर्वेला," ते म्हणाले. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"भारतातल्या गारपिटीने, युअर ऑनर."

लोक हसले. जज हसले नाहीत. छेडछाडीचा मुद्दा त्यांनी फेटाळला. डॉक्टरची चिठ्ठी ग्राह्य धरली आणि पीक आयरीनला परत द्यायला सांगितलं. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला.

"एकच प्रश्न. मुळं कुजलेली तुम्हाला सोमवारी दिसली. कापलं शुक्रवारी. मधले दिवस तुम्ही कोणाला विचारत होता?"

मी सगळ्यांची नावं सांगितली.

"मला का नाही विचारलं? ऑर्डर माझी होती. खाली माझ्या क्लार्कचा फोन नंबर छापलेला असतो. त्याच दुपारी परवानगी दिली असती."

ऑर्डरची प्रत मी ग्रीनहाऊसच्या दारावर स्वतःच्या हाताने चिकटवली होती. पण जजला विचारता येतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. रॉनच्याही नाही. सरकारी नोकरीत माणसाला साहेब दिसतो, साहेबाचा साहेब दिसतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत मी मोठी झाले. फोनही करू नये, हे मी त्यात आपलं आपणच जोडलं होतं. सोमवारी नऊच्या नऊ झाडांची फुलं स्वच्छ होती.

आयरीन माल न्यायला आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. तिने कागदी पिशवी उघडली, एक फूल चिमटीत चुरडून हुंगलं.

"कच्चं काढलंस."

"हो."

"पाचच?"

"पाचच. सॉरी, आयरीन."

तिने पिशवीचं तोंड दुमडलं. "एका राउंडला पुरेल," ती म्हणाली.

तेवढंच पुरलं. तो राउंड तिने पूर्ण केला. त्यानंतरच्या राउंडला माल उरला नव्हता. तीन दिवस गोळ्यांवर काढून तिने तो अर्ध्यावर सोडला. हे तिनेच मला फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही. गॅरेजमध्ये नवी रोपं लावली होती, पाणी किती गार ठेवायचं ते विचारायला फोन केला होता. मी सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर टॉयलेटमध्ये जाऊन रडले. रॉनचा मला राग नव्हता, सरकारी वकिलांचाही नाही. त्या चार दिवसांचा राग माझा मलाच होता, आणि तो अजून आहे.

नंतर आमच्या काउंटीत माझ्या पंचनाम्याचा फॉर्म झाला. चतुःसीमेसकट. नव्या इन्स्पेक्टरना तो भरायला मीच शिकवायचे, आणि सगळ्यांना वाटायचं की या बाईला सगळं कौतुक त्या फॉर्मचं. पण फॉर्म दुसऱ्या दिवशी शिकवायचे. पहिल्या दिवशी एकच सांगायचे: हुकूम हातात आला, की तो कोणी काढलाय ते बघा, आणि अडलं तर त्यालाच फोन करा.