गोलरेषा सोडण्याची परवानगी

आमच्या गोलकीपरइतका परवानगी मागणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. शिंक आली तरी तो आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. आमचं झेरॉक्सचं दुकान तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. अर्ध्या भागात माझं मशीन आणि कॉम्प्युटर, उरलेल्या अर्ध्यात अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणयंत्र. तो पहिल्यांदा आला तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असेल. उंच इतका की दारातून येताना मान वाकवावी लागे. मी जेवायला निघाले होते. "थोडं थांब, आलेच," म्हणाले आणि गेले. तासाभराने परत आले तर हा पायरीखाली भर उन्हात ताठ उभा, कपाळावरून घाम गळतोय. आत पंखा चालू, दोन स्टुलं रिकामी. "आत येऊन का नाही बसलास?" मी विचारलं. त्याने आत बोट दाखवलं. अप्पा शिवणयंत्रावर मान टाकून झोपले होते, आणि झोपलेल्या माणसाची परवानगी कशी घ्यायची ते त्याला ठाऊक नव्हतं.

तो ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या कॅम्पातला. श्रीलंकेतली लढाई सुरू झाल्यावर जी तमिळ माणसं होडीतून इकडे आली, त्यांचा कॅम्प. त्याची आई लहान मुलगी असताना आली. तो स्वतः आमच्या तंजावूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मला, इथल्या शाळेत शिकला, इथलंच तमिळ बोलतो. पण कागदावर निर्वासित. आणि कागद म्हणजे त्याचा जीव. एक निळी फाइल, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर दुसरी, त्यावर रबर बँड. प्रत्येक कागदाच्या तो बारा प्रती काढायचा. "बारा कशाला रे?" म्हटलं तर म्हणाला, "अक्का, दहा मागतात, एक हरवतात, आणि एक मी बघायला ठेवतो." मैदानावर बाकीचे गोलकीपर गोलखांबाशी पाण्याची बाटली ठेवतात. हा फाइल ठेवायचा. बॉल पलीकडच्या टोकाला गेला की हळूच मागे वळून ती जागेवर आहे ना ते बघून घ्यायचा. पावसाची भुरभुर आली तर आधी फाइल शर्टाखाली, मग बाकी जग.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. माझ्या हातचा अर्ज कुठल्याही टेबलावरून परत आलेला नाही, हेही सांगते. त्यामुळे त्याचे सगळे अर्ज माझ्याकडे आले, आणि अर्जांच्या मागोमाग त्याची आई पुट्टूचा, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्यांचा, डबा घेऊन आली, मग सगळी हकीकतच आली. कॅम्पात ठरलेल्या दिवशी सरकारी माणूस वही घेऊन येतो. चिंचेखाली टेबल टाकतात, नावं वाचतात, ज्याचं नाव त्याने पुढे येऊन उभं राहायचं. माणूस दिसला नाही की नावावर काट. हा नऊ वर्षांचा असताना बॉल कुंपणावरून पलीकडच्या केळीच्या बागेत गेला. हा आणायला गेला. बॉल सापडेपर्यंत याचं नाव वाचून झालं होतं. ते पुन्हा वहीत चढवायला आईने सहा महिने ऑफिसं पालथी घातली. तेव्हापासून हद्द ओलांडायची वेळ आली की त्याचे पाय आधी डोळ्यांना विचारतात, आणि डोळे समोर जो कोणी साहेब दिसेल त्याला.

गोलकीपर तो त्यामुळेच झाला, असं माझं मत आहे. अख्ख्या मैदानात ज्याला आपली हद्द चुन्याने आखून मिळते असा तो एकटाच खेळाडू. त्या हद्दीत तो राजा होता. गोलरेषेवर उभा राहिला की त्याला दोन हात जास्त फुटायचे. समोरच्यांना कॉर्नर मिळाला की आधी आपल्या माणसांची हजेरी घ्यायचा, एकेकाचं नाव मोठ्याने घेऊन. पोरं सुरुवातीला चेष्टेने शाळेतल्यासारखी "प्रेझेंट सार!" ओरडायची. पुढे पुढे हजेरी झाल्याशिवाय त्यांनाच चैन पडेना, कारण हजेरीत जो सापडला नाही तो नेमका कुठे असायला हवा होता ते कळायचं. आणि पेनल्टी म्हणजे तर त्याचा सण. पेनल्टीला गोलकीपरने रेषा सोडायची नाही असा खेळाचाच नियम आहे. बाकीच्यांना तो जाच वाटतो. याला मात्र त्या वेळी सगळं जग एकदाचं रीतसर चालल्यासारखं वाटायचं. एका सामन्यात त्याने दोन पेनल्टी अडवल्या तेव्हा चेहरा इतका शांत होता की अप्पा म्हणाले, "हा तर दुपारची झोप काढून उठल्यासारखा दिसतो."

पण रेषा सोडायची म्हटली की संपलं. जिल्ह्याच्या एका मॅचला मी आणि अप्पा गेलो होतो. बॉल घरंगळत घरंगळत येऊन त्याच्यापासून दहा पावलांवर थांबला. समोरचा गडी लांबून धावत येतोय. सगळं मैदान ओरडतंय. अप्पा तर उभे राहून, "जा रे, जा की!" करून घसा फोडतायत. आणि याने काय करावं? रेफरीकडे बघून हात वर केला. वर्गात पाणी प्यायला जायचं असलं की पोरं करतात तसा. रेफरी बिचारा कुठल्याशा शाळेतला पीटी मास्तर, सवयीने त्याने मान हलवली. हा निघाला. तोवर बॉल जाळ्यात जाऊन पडला होता. घरी येताना अप्पा बसमध्ये एकच वाक्य बोलले: "मास्तराची काही चूक नव्हे."

तरीही त्या पेनल्ट्यांच्या जोरावर चेन्नईकडच्या एका व्यावसायिक क्लबाने त्याला एका सीझनसाठी बोलावलं. त्यांचे दोन्ही गोलकीपर जखमी होते. अर्ज भरायला बसलो आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी येऊन अडलो. मी तीन ठिकाणी फोन केले, नियम वाचले, पुन्हा वाचले. दुसरा मार्ग नव्हता. परदेशी. लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि क्लब त्या जपून ठेवतात गोल मारणाऱ्या आडदांड गड्यांसाठी, जे विमानाने समुद्र ओलांडून येतात. त्यातली एक जागा आमच्या या तंजावूरच्या बसने जाणाऱ्या परदेशी माणसाने खाल्ली. अप्पांनी शिवणयंत्र थांबवलं. "हा परदेशी? मग आपण मराठे घोड्यांवर बसून इकडे आलो ते कोणास पुसून आलो?" मी म्हटलं, "अप्पा, तेव्हा फॉर्म नव्हते." ते म्हणाले, "तेच तर म्हणतो मी," आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. त्याच्या हातमोज्यांना तळव्यात दुहेरी अस्तर लावत होते. जाताना त्याला म्हणाले, "फाटले तर पाठवून दे. दुसऱ्या कोणाकडून शिवून घेऊ नको, तो बिघडवील."

क्लबात त्याची परदेशी म्हणून फारच बडदास्त झाली. इतर दोन परदेशी खेळाडूंच्या शेजारची खोली, बाथरूममध्ये गरम पाणी, आणि जेवायला उकडलेल्या भाज्या. स्वयंपाक्याला सांगून ठेवलेलं की परदेशी लोकांना तिखट सोसत नाही. याने तीन आठवडे मुकाट्याने उकडलेला फ्लॉवर खाल्ला. पलीकडच्या टेबलावर इथली पोरं रसमभात ओरपतायत, वास याच्या नाकापर्यंत येतोय. शेवटी मला फोन. "अक्का, परदेशी माणसाने रसम मागितलं तर नियमात बसतं का?" मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जाऊन माग, नाहीतर मी येते." एकदा म्हणे सामन्यानंतर एका प्रेक्षकाने त्याच्याबरोबर फोटो काढला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारलं, आमचा देश कसा वाटतो? हा तमिळमध्ये म्हणाला, "चांगला आहे. तंजावूरकडे उकाडा जरा जास्त."

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र लवकरच संपले. रेषेवर उभा राहून त्याने बरंच काही अडवलं, पण जे गोल झाले ते सगळे त्याच्यासमोर दहा पावलांवर, हा बघत असताना. क्लबाचा कोच मल्याळी, कमी बोलणारा. त्याने सरळ सांगितलं: अर्धा सीझन संपेपर्यंत रेषा सोडून बाहेर यायला शिकलास तर ठीक, नाहीतर ही परदेशी जागा दुसऱ्याला. ब्राझीलचा एक गडी बघून ठेवलाय. त्या दिवशी त्याने फोन केला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. मी म्हटलं, "मग सोड की रेषा! अडवलंय कुणी?"

"अडवलं नाही अक्का. पण कुणी सोडलंही नाही."

"कोच बाजूला उभा राहून घसा फोडतो ना, बाहेर ये म्हणून?"

"ते तोंडी झालं. तोंडी परवानगी टिकत नाही. उद्या विचारलं की कोण म्हणालं होतं, तर काय दाखवायचं?"

फोन स्पीकरवर होता. अप्पा बटण लावता लावता म्हणाले, "मग लिहून दे की त्यास. डिग्री काय भिंतीवर लावायला घेतली?"

मी लिहिलं. नीट क्लबाच्या लेटरहेडवर मावेल असं, विषय, संदर्भ, सगळं घालून. या पत्राद्वारे सदर खेळाडूस सामन्याच्या पूर्ण कालावधीत, आवश्यक वाटेल तेव्हा, गोलरेषा सोडून पुढे जाण्याची परवानगी देण्यात येत आहे; त्यासाठी प्रत्येक वेळी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही; काम होताच त्याने मूळ जागी हजर व्हावे. खाली कोचची सही आणि शिक्का यांना जागा सोडली आणि त्याला पाठवून दिलं. सगळ्या अर्जांवर संपर्कासाठी माझाच नंबर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी कोचचा फोन मलाच आला. आधी त्याने ते पत्र मलाच मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं कोचिंग करतोय, हे मला सुचलं नव्हतं. सही केली, शिक्का मारला. फक्त शेवटचं वाक्य खोडलं. परत कधी यायचं ते त्याचं तो बघेल."

पुढची मॅच आम्ही दुकानातच कॉम्प्युटरवर बघितली. मी, अप्पा आणि त्याची आई. पहिलाच लांब बॉल आला आणि हा सुटला. इतका पुढे आला की कॅमेऱ्याला सापडेना. बॉल डोक्यावरून गेला आणि रिकाम्या जाळ्यात टप्पे घेत शिरला. अप्पांनी कपाळाला हात लावला. पण पडद्यावर कोच टाळ्या वाजवत होता. आईने तोंडावर पदर धरला होता. "इतका लांब गेला?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या वेळी तो आपल्याच गड्यावर जाऊन आदळला. तिसऱ्या वेळी समोरच्याच्या पायातून बॉल असा काढून घेतला की मी खुर्चीवरून उठले. ती मॅच क्लब हरला, पुढच्या तीनांत एकही गोल खाल्ला नाही. ब्राझीलच्या गड्याचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

सीझन संपताना क्लबाचा मेल आला, तोही माझ्याच पत्त्यावर. आई दुकानात होतीच. मी तिला वाचून दाखवला. आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं होतं, त्याच परदेशी जागेवर. खाली एक ओळ: परदेशी खेळाडूंना सीझननंतर मायदेशी जाण्याचं तिकीट क्लब देतो, तरी मायदेशातल्या शहराचं नाव कळवावं. मी पुढे वाचायची थांबले. त्याच्याकडे पासपोर्ट नाही. समुद्रापलीकडचं ते गाव त्याने फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. आईने ते होडीतून सोडलं तेव्हा ती सात वर्षांची होती. मी त्याला फोन लावून ती ओळ वाचून दाखवली. त्याने एक क्षणही घेतला नाही. "तंजावूर लिहा अक्का. विमान नको, ट्रेन चालेल."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. आमच्या गावाला स्टेशन नव्हतंच. समुद्रापर्यंत नुसती वाळूची वाट होती." मी तंजावूर टाइप केलं आणि मेल पाठवला. ती स्टूल ओढून जवळ आली, स्क्रीनकडे वाकून बघितलं, आणि हळूच विचारलं, "परदेशी माणसाला खालचा बर्थ देतात ना गं? वरच्यात त्याचे पाय मावत नाहीत."