वीसपर्यंत मोजायचं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला पाण्याचा पंप आठ वर्षं अडकत होता, आणि तो आपोआप चालू-बंद करणारं मशीन मी स्वतः बनवलेलं होतं. आधीच सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत सर्किट डिझाइन करतो. तीस वर्षं तेच करतोय आणि आता खरं सांगायचं तर कंटाळलोय. ज्युनियर मंडळींकडून मी एक गोष्ट घोकून घेतो: प्रोसेसर असेल तिथे व्होल्टेजवर नजर ठेवणारी चिप हवीच. वीज पूर्ण गेली तर प्रोसेसर नीट बंद पडतो आणि आल्यावर नीट सुरू होतो. घोटाळा होतो वीज अर्धवट पडली की. तेव्हा तो धड बंद नसतो, धड चालू नसतो, काहीतरी बरळतो आणि तिथेच अडकून बसतो. ही चिप तीन पायांची, साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा लहान. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की ती प्रोसेसरला दाबून धरते, आणि वीज सावरली की क्षणभर थांबून सोडते. मग तो पहिल्यापासून शहाण्यासारखा कामाला लागतो.

आणि सोसायटीच्या मशीनमध्ये मी ती लावली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका रविवारी घरात पडलेल्या बोर्डावर मशीन जोडलं, चिप हाताशी नव्हती, म्हटलं नंतर लावू. तिच्या जागी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर टाकला. आमच्या इमारतीची वायरिंग जुनी. संध्याकाळी घराघरांत एसी लागले आणि त्यात लिफ्ट सुटली की दिवे मंदावायचे, आणि माझं मशीन अडकायचं. वरची टाकी रिकामी राहायची, नाहीतर गच्चीवरून पाणी वाहायचं.

त्यावर इलाज आमच्या पंपवाल्या काकांनी शोधला. काका मालवणकडचे, बायको वारलेली, पंपरूमशेजारच्या खोलीत मुलीसोबत राहायचे. मशीन अडकलं की मेन स्विच बंद करायचा, वीसपर्यंत मोजायचं, मग चालू करायचा. मी विचारलं, वीसच का? म्हणाले, "धा मोजून उठना नाय ता, वीस व्हये." कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरायला तेवढाच वेळ लागत होता. मी कागदावर हिशोब करून बघितला, माणूस बरोबर होता.

पहिल्याच उन्हाळ्यात मी चिप खिशात घालून खाली उतरलो. काका म्हणाले, "सायबानू, ह्येका बरा करू नकात. चेडवाचा शिक्षण होयसर असाच ऱ्हवांदे." चेडू म्हणजे त्यांची मुलगी, होयसर म्हणजे होईपर्यंत. तेव्हा शाळेत होती, नर्स व्हायचं म्हणत होती. मशीन सुधारलं तर पंपाला माणूस कशाला लागेल, आणि माणूस नाही तर खोली कुठली? मी चिप परत खिशात टाकली. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नाही.

आठ वर्षं मी टोमणे खाल्ले. बायको म्हणायची, "अहो, जगाची मशीनं नीट करता आणि आम्हाला बादल्या भरायला लावता." तिला मी खरं सांगितलेलं होतं, तरी म्हणायची. दर वार्षिक सभेत कुणीतरी विषय काढायचं, मी "बघतो, बघतो" करायचो. काका मागे चहाचा ट्रे घेऊन उभे असायचे. मुलगी नर्सिंगला लागली, दोन वर्षं झाली, एक राहिलं.

मग गेल्या वर्षीची सभा. त्या आठवड्यात ऑफिसात माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसाला माझ्या डोक्यावर बसवलं होतं. लिंक रोडवर रोज दीड तास बसमध्ये मी तेच चघळत घरी येत होतो. सभेत पवईला नोकरी करणारा एक नवा मेंबर उठला. "अंकल, ऑनलाइन रेडीमेड मशीन मिळतं यार. तुमच्या काळातलं हे राहू दे ना आता." लोक हसले. मला काय झालं कोण जाणे, मी ताडकन उठलो. "अरे, एका चिपचं काम आहे! दहा मिनिटं! येत्या रविवारी करून दाखवतो!"

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो आणि मग माझी नजर मागे गेली. काकांच्या हातातला ट्रे तसाच होता. त्यांनी सावकाश पुढे येऊन पहिला कप मला दिला.

रविवारी पंपरूममध्ये उजेड पुरेना, म्हणून काकांनी टॉर्च धरला. मी म्हटलं, "काका, मी चुकलो. अजून वेळ आहे, जमत नाही म्हणून सांगतो." ते म्हणाले, "नको सायबानू. आता सगळ्यांका म्हायत झाला." त्यांनी टॉर्च आणखी जवळ आणला. चिप लावली. ऑफिसातून व्होल्टेज कमी-जास्त करायची चक्री आणली होती, ती हळूहळू खाली फिरवली. मशीनचा हिरवा दिवा विझला. चक्री वर आणली, तशी काकांनी सवयीने मोजायला सुरुवात केली.

"एक," म्हणाले, आणि दिवा लागला.

दोन त्यांच्या तोंडातच राहिलं. मग म्हणाले, "बरा झाला."

महिन्याभरात कमिटीने ठरवलं, पंपाला वेगळा माणूस नको, वॉचमन आहेच. मी हात जोडून सांगितलं, एक वर्ष थांबा, मुलीचं शेवटचं वर्ष आहे. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, पण मशीन तर तुम्हीच दुरुस्त केलंत ना?"

मुलगी देवनारला मामाकडे गेली. तिथे दाटीवाटीत एकीचीच जागा झाली, म्हणून काका गावी गेले. निघताना वर आले, माझ्या बायकोच्या हातात कोकमाची पुडी दिली. मला म्हणाले, "कधी अडाकला तर फोन करा हां. मी सांगतंय वॉचमनाक, वीस मोजूचे."

मी हो म्हटलं. लाज वाटत होती, आजही वाटते. आता संध्याकाळी दिवे मंदावले की मी हातातलं काम टाकतो आणि जिना उतरून पंपरूमच्या दाराशी जाऊन उभा राहतो. बायको विचारतेसुद्धा नाही. हिरवा दिवा विझतो आणि माझं "एक" म्हणून होण्याआधी लागतो. अजून एकदाही अडकलेलं नाही.